मोटार नसलेल्या माणसाची अमेरिका

अमेरिकेला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटाला तिथले सगळेच आवडलेले असते. रस्ते, शिस्त, दुकानातली चकचकीत सफरचंदे, सगळेच. दुसऱ्या गटाला काहीच आवडलेले नसते, आणि आपल्या चहाची सर कशाला नाही, हे वाक्य तो मुंबईच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या म्हणू लागतो. या दोन्ही गटांशी मी पुष्कळ वाद घातले. ते घालता घालता एक गोष्ट ध्यानात आली, की यांतल्या बहुतेकांनी अमेरिकेतली शहरे पाहिलेलीच नसतात. लेक-जावई किंवा मुलगा-सून राहतात उपनगरात, शहरापासून तीस-चाळीस मैलांवर. व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येते. ते सहा महिने आई-वडील सोमवार ते शुक्रवार एका सुंदर, शांत घरात काढतात, शनिवारी मॉल आणि देऊळ, रविवारी कुणाकडे तरी जेवण. शहर दिसते ते गाडीच्या काचेतून. "आई, ते बघ एम्पायर स्टेट," असे कुणी म्हणेपर्यंत ते मागे गेलेले असते.

मला मोटार चालवता येत नाही आणि आता शिकण्याची हौसही नाही. त्यामुळे शहरे जोखायची माझी कसोटी साधी आहे. सकाळी चहा झाल्यावर, कुणाच्या वेळेत वेळ न मागता, एकटीने घराबाहेर पडता येते का? दिवसभर हिंडून, मध्ये दोनदा टेकून, अंधार पडायच्या आत धडपणे परत येता येते का? पंचविशीतल्या माणसाला ही कसोटी क्षुल्लक वाटेल. सत्तरीच्या माणसाला विचारा. स्वतःच्या पायांनी बाहेर जाता येणे आणि कुणीतरी नेईल तेव्हा जाणे, या दोन्हींत पाहुणा आणि सामान एवढा फरक आहे.

या कसोटीवर न्यूयॉर्क सगळ्यांच्या पुढे आहे. मला ते शहर आवडते हे सांगितले की ऐकणारे जरा चमकतात. घाण नाही का, गर्दी नाही का? आहे ना. पण तिथे माणूस हरवत नाही. १८११ साली काही शहाण्या माणसांनी मॅनहॅटन बेटाचा नकाशा पट्टीने आखला आणि रस्त्यांना नावांऐवजी आकडे दिले. दक्षिणेचे जुने गाव सोडले तर आडव्या रस्त्यांचे आकडे उत्तरेकडे चढत जातात, उभ्या रस्त्यांचे पूर्वेकडून पश्चिमेकडे. ज्याला अंकगणित येते त्याला न्यूयॉर्क येते. खाली भुयारी रेल्वे. १९०४ साली सुरू झाली, ४७२ स्टेशने आहेत, आणि रात्रंदिवस चालते. एकदा आत शिरलात की एक थांबा जा नाहीतर ब्रॉंक्सपासून कोनी आयलंडच्या समुद्रापर्यंत जा, भाडे तेच. स्टेशने कुरूप आहेत. उन्हाळ्यात फलाटावर भट्टी असते, छत गळते, रुळांत उंदीर हिंडतात, आणि ध्वनिक्षेपकावरून जे काही सांगतात ते अमेरिकनांनाही कळत नसावे असे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसते. तरीही मला ती गाडी आवडते, कारण तिच्यात सगळे बसतात. सूटबूटवाला, भाजीच्या पिशव्या घेतलेली मेक्सिकन बाई, व्हायोलिनची पेटी सांभाळणारी चिनी मुलगी आणि मी. अमेरिकेत इतकी वेगवेगळी माणसे एका बाकावर बसलेली दुसरीकडे क्वचित दिसतात.

स्टेटन आयलंडला जाणारी बोट तर १९९७ पासून फुकट आहे. उजव्या बाजूला उभे राहिले की स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो. तिकीट काढून, रांग लावून पुतळ्याच्या पायथ्याशी जाणाऱ्यांपेक्षा तो इथून बरा दिसतो असे माझे मत आहे. आणि सेंट्रल पार्क. ८४३ एकर मोकळी जागा जगातल्या महागड्यात महागड्या जमिनीच्या मधोमध ठेवायची म्हणजे केवढी छाती लागत असेल! ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या दोघांनी ते आखले. तिथली टेकाडे, तळी, वळणे नैसर्गिक वाटतात, पण बरेचसे माणसाने माती वाहून केलेले आहे. त्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. तिथले बरेच रहिवासी स्वतःची जमीन असलेले काळे लोक होते, आणि १८५७ साली त्यांना तिथून उठवले. झाडाखाली बसताना हेही माहीत असावे. त्यामुळे सावली कमी होत नाही, पण कुणाच्या अंगणात बसलो आहोत ते कळते.

आता न आवडलेले. संध्याकाळ झाली की न्यूयॉर्कच्या पदपथांवर कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचे डोंगर उभे राहतात. श्रीमंत वस्तीतसुद्धा. याचे कारणही त्या १८११ च्या नकाशातच आहे. पट्टीने रस्ते आखणाऱ्यांनी घरांच्या मागे बोळ ठेवलेच नाहीत, त्यामुळे मागचे सगळे पुढे येते. २०२४ पासून शहराने झाकणाचे डबे सक्तीचे करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात केली. एवढ्या मोठ्या शहराला कचऱ्याला झाकण हवे हे सुचायला दोन शतके लागली, याचे मला फार बरे वाटले. दुसरे म्हणजे पदपथांवरचे ते हिरवे लाकडी मांडव. १९७९ साली इमारतीचा तुकडा पडून एक विद्यार्थिनी दगावली, त्यानंतर उंच इमारतींच्या दर्शनी भिंती नियमाने तपासण्याचा कायदा झाला. कायदा योग्यच. पण भिंत दुरुस्त करण्यापेक्षा मांडव ठेवणे स्वस्त पडते, म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. आपल्याकडच्या गणपतीच्या मांडवाला निदान विसर्जनाचा मुहूर्त असतो.

एका विषयावर प्रवासवर्णने लिहिणारे सगळे मौन पाळतात, म्हणून मी लिहिते. अमेरिकन शहरांत सार्वजनिक स्वच्छतागृहे जवळजवळ नाहीत. चंद्रावर माणूस पाठवलेल्या देशात साठीच्या पुढच्या बाईने सकाळी अकरा वाजता कुठे जावे हा प्रश्न सुटलेला नाही. याची हकीकत गमतीची आहे. एकेकाळी तिथे नाणे टाकून उघडणारी स्वच्छतागृहे होती. १९७० साली काही विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली. पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांना मात्र दर खेपेला पैसे, हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणणे शंभर टक्के खरे होते. १९७३ साली शिकागोने अशा पैसेवाल्या स्वच्छतागृहांवर बंदी घातली, मग इतर शहरांनी आणि राज्यांनी. दहा वर्षांत नाण्यांची कुलपे गेली. पण फुकटची बांधायची कुणी? नगरपालिकांनी हात झटकले. परिणाम असा, की आता कॉफीच्या दुकानात शिरायचे, नको असलेली कॉफी घ्यायची, आणि त्या कॉफीपायी तासाभराने पुढचे दुकान शोधायचे. माझ्या परिचयातल्या एक बाई अमेरिकेत शहर बघायला निघताना सकाळपासून पाणीच पीत नसत. मधुमेहाच्या माणसाने असे करणे किती धोक्याचे आहे ते डॉक्टरांना विचारा.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय, आणि त्या निमित्ताने अमेरिकेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्टही हीच. न्यूयॉर्कचे फिफ्थ ॲव्हेन्यूवरचे संगमरवरी ग्रंथालय १९११ साली उघडले. दाराशी दोन दगडी सिंह आहेत, एकाचे नाव धीर आणि दुसऱ्याचे निश्चय, अशा अर्थाची. पण केवळ असल्या राजवाड्यांविषयी मी बोलत नाही. साध्या मोहल्ल्यातल्या शाखेत जा. कुणी विचारत नाही तुम्ही कोण, कुठले, वर्गणी भरली का. खुर्ची आहे, पंखा नाही तर वातानुकूलन आहे, वर्तमानपत्र आहे. मुले गृहपाठ करत असतात, नवा आलेला कुणी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करत असतो, आणि कोपऱ्यात तीन पिशव्यांत सगळा संसार घेतलेला एक माणूस पुस्तक उघडे धरून झोपलेला असतो.

त्या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये एका रात्रीत केलेल्या मोजणीत अमेरिकेत ७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे बेघर आढळली. लॉस एंजेलिसच्या स्किड रो भागात आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइनमध्ये रस्त्याच्या कडेने तंबूच तंबू दिसतात. न्यूयॉर्कमध्ये १९८१ साली न्यायालयात झालेल्या तडजोडीमुळे बेघराला छप्पर देणे शहरावर बंधनकारक झाले, म्हणून तिथे बहुतेक जण निवाऱ्यांत असतात आणि पाहुण्याला ते कमी दिसतात. कारणे बरीच आहेत. घरभाडी आवाक्याबाहेर गेली. आठवड्याच्या भाड्याने एक खोली देणारी जुनी स्वस्त हॉटेले शहरे सुधारण्याच्या नादात पाडली गेली. मनोरुग्णालये रिकामी केली आणि त्यांच्या बदल्यात जी सोय व्हायची होती ती पुरेशी झालीच नाही. मुंबईच्या पदपथाशेजारून उभा जन्म गेलेल्या मी यावर नाक मुरडावे हे शोभत नाही. पण एक फरक मनात राहिला. आपल्याकडे फुटपाथवर बहुतेक वेळा संसार असतो, चूल असते, पोर रडत असते, सकाळी कामावर जाणारा कुणी असतो. तिथला माणूस एकटा असतो. स्वतःशी बोलत असतो. आणि लोक त्याला वळसा घालून जातात, तो वळसा इतका सराईत असतो की पाहुण्यालासुद्धा आठ दिवसांत जमू लागतो. अमेरिकन शहरांतले मला सर्वांत न आवडलेले काही असेल तर हा वळसा.

शिकागोकडे वळू. न्यूयॉर्कने मला दमवले, शिकागोने बसवले. मिशिगन सरोवराचा पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटा येतात, आणि समुद्र म्हणायला फक्त खारा वास तेवढा कमी. डॅनियल बर्नहॅम यांनी १९०९ साली शहराचा आराखडा केला, त्यात हा किनारा सगळ्यांचा राहावा असा आग्रह होता. तो बराचसा पाळला गेला. आज सुमारे १८ मैल काठाकाठाने चालत जाता येते आणि मध्ये कुणाच्या बंगल्याचे फाटक आड येत नाही. हे वाचून मुंबईकराला काय वाटेल ते मी सांगायला नको. या शहराने आणखी एक अचाट काम केले. शहराची घाण नदीतून सरोवरात जात होती आणि पिण्याचे पाणीही सरोवरातूनच येत होते. मग १९०० साली कालवा काढून नदीच उलटी वाहवली. घाण निघाली मिसिसिपीच्या दिशेने, सेंट लुईसच्या लोकांच्या दारात. त्यांच्या राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि तो हरला. शेजाऱ्याच्या अंगणात केर लोटण्याची कला ही काही आपली मक्तेदारी नाही.

शिकागोत आपल्याकडच्या माणसाला ओळखीच्या खुणा फार भेटतात. कला संग्रहालयाच्या ज्या इमारतीत १८९३ साली सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले, ती इमारत आजही उभी आहे. सीअर्स टॉवर, ज्याला आता विलिस टॉवर म्हणतात, तो ११० मजल्यांचा मनोरा ज्यांच्या गणितावर उभा आहे ते फझलूर रहमान खान ढाक्याचे. एकच जाड खांब उभारण्यापेक्षा नऊ चौकोनी नळ्यांची मोळी बांधावी आणि वर जाताना एकेक नळी थांबवत जावे, अशी ती युक्ती आहे. समोर उभे राहून पाहिले की ती मोळी चक्क दिसते. मिलेनियम पार्कमधल्या त्या आरशासारख्या महाकाय दाण्यात सगळे आपापली प्रतिबिंबे पाहतात, तो घडवणारे अनीश कपूर मुंबईत जन्मलेले. आणि डेव्हन ॲव्हेन्यू! त्या एकाच रस्त्याच्या एका तुकड्याला गांधींचे नाव, दुसऱ्याला जिनांचे, तिसऱ्याला गोल्डा मेयर यांचे. तीनही तुकडे मी एका दमात चालले, आणि वाटेत उत्तम कैरी मिळाली. फक्त जानेवारीत शिकागोला जाऊ नका. मुलांनी कितीही बोलावले तरी जाऊ नका.

लॉस एंजेलिस मला आवडले नाही, आणि त्याचा दोष मी माझ्या परवाना नसण्यावर ढकलणार नाही. या शहराभोवती एकेकाळी हजार मैलांहून अधिक लांबीचे विजेच्या गाड्यांचे जाळे होते. लाल रंगाच्या त्या गाड्या समुद्रापासून संत्र्यांच्या बागांपर्यंत जात. १९६१ साली त्यांतली शेवटची बंद झाली. रूळ गेले, त्यावर मोटारी आल्या, आणि मग मोटारींनाच जागा पुरेना. १९९० पासून पुन्हा रूळ टाकणे चालू आहे, काही ठिकाणी जुन्याच वाटेवर. गेटी सेंटर हे अप्रतिम संग्रहालय आहे. तिथे माणसाला प्रवेश फुकट आणि मोटार उभी करायला पैसे. मला ही पाटी वाचून प्रथम हसू आले आणि मग वाटले, यात मोटारीचा केवढा मान आहे. ह्यूस्टनमध्ये तर भर शहरात दुपारी मी रस्त्यावर एकटी होते. माणसे गेली कुठे? जमिनीखाली. इमारतींना जोडणारे सहा मैलांहून अधिक लांबीचे थंडगार बोगदे आहेत, त्यांत जेवणाची दुकाने आहेत, आणि शनिवार-रविवारी ते बहुतेक बंद असतात. म्हणजे पाहुणा यायचा त्याच दिवशी.

हे असे का झाले, हे मुलांना विचारले तर ती म्हणतात, "आई, इथे शाळा चांगल्या आहेत." ते खरे आहे, आणि उत्तरही त्यातच आहे. तिथल्या सरकारी शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून निघतो. घरे महाग तिथे शाळा श्रीमंत, म्हणून पालक तिथे जातात, म्हणून घरे आणखी महाग होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी हमीची गृहकर्जे प्रामुख्याने उपनगरांतल्या गोऱ्या कुटुंबांना मिळाली. १९५६ साली महामार्गांचा कायदा आला, त्यात दहातले नऊ डॉलर केंद्र सरकार घालणार होते. ते रस्ते शहरांच्या पोटातून गेले, आणि बऱ्याचदा काळ्यांच्या आणि गरिबांच्या वस्त्यांवरून. आपल्या मुलांनी हे काही केलेले नाही. ती आयत्या आखलेल्या गावात जाऊन राहिली. पण घर घेताना शाळेचे गुण पाहतात तसे स्टेशन किती मिनिटांवर आहे हेही पाहावे, असे मी माझ्या मंडळींना सांगून पाहिले. आई-वडील वर्षातून एकदा येतात. स्वतःचे म्हातारपण मात्र तिथेच यायचे आहे.

चांगले ते सांगायचे तर मोटारींचे रस्ते पाडलेली शहरेही तिथेच आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत १९८९ च्या भूकंपाने बंदराकाठचा दुमजली महामार्ग खिळखिळा केला. दुरुस्त करायचा की पाडायचा यावर भांडण झाले, आणि पाडला. आता तिथे झाडे, ट्राम आणि चालणारी माणसे आहेत आणि खाडी दिसते. आपण मुंबईत २०२४ साली समुद्राकाठच्या किनारी रस्त्याचे उद्घाटन करत होतो, तेव्हा मला तो पाडलेला रस्ता आठवला.

याच शहरात १९७७ साली अपंग माणसांनी एका सरकारी कार्यालयात तीन आठवड्यांहून जास्त काळ ठाण मांडले, चाकाच्या खुर्च्यांसह, आणि आपल्या हक्काचे नियम मंजूर करून घेतले. पुढे १९९० साली मोठा कायदा झाला. त्याचे फळ पाहायचे असेल तर कुठल्याही अमेरिकन शहरात बसथांब्यावर उभे राहा. खुर्चीतला माणूस दिसला की बस एका बाजूने खाली झुकते, फळी बाहेर येते, चालक उठून खुर्ची पट्ट्यांनी बांधतो आणि मगच गाडी हलते. दोन-तीन मिनिटे जातात. घड्याळाच्या काट्यावर धावणारे ते लोक त्या वेळी चुळबुळ करत नाहीत. पदपथ प्रत्येक कोपऱ्यावर उतरता केलेला असतो, तो गुडघे दुखणाऱ्या माझ्यासारखीच्याही कामी येतो. न्यूयॉर्कच्या भुयारी स्टेशनांना मात्र निम्म्याहून अधिक ठिकाणी अजून लिफ्ट नाही, तिथे माझे लाडके शहर नापास.

टिपेबद्दल दोनच वाक्ये. वाढणाऱ्याचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, उरलेला पगार गिऱ्हाइकाने द्यावा अशी मालकाची अपेक्षा असते आणि काही राज्यांनी ते वेतन वाढवलेले असले तरी रीत बदललेली नाही. हल्ली तर नुसता पाव हातात ठेवूनही समोरचा पडदा तुमच्याकडे फिरवतात, त्यावर अठरा, वीस, पंचवीस टक्के असे आकडे असतात, आणि मागची रांग पाहत असते.

या उन्हाळ्यात ज्यांना जायचे आहे आणि मुले न्यू जर्सीत आहेत, त्यांनी एक करावे. एखाद्या मंगळवारी एडिसनच्या स्टेशनवर सोडायला सांगावे, आणि सोडून परत जायला सांगावे. तासाभरात गाडी न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जाते. तिथले जुने देखणे स्टेशन १९६३ साली पाडायला घेतले, आताचे तळघरासारखे आहे, तिथे रेंगाळू नका. सातव्या ॲव्हेन्यूवर बाहेर पडा. आकडे वाढत जातील त्या दिशेने बेचाळिसाव्या रस्त्यापर्यंत चाला आणि उजवीकडे वळा. ग्रंथालयाच्या मागे ब्रायंट पार्क आहे. हिरवळीभोवती हलक्या खुर्च्या असतात, उचलून सावलीत नेल्या तरी कुणी काही म्हणत नाही. आणि तिथले स्वच्छतागृह फुकट आहे, स्वच्छ आहे, आत ताजी फुले ठेवलेली असतात.